तांदूळ उदंड हाईत

चहा घ्या, आणि एक गोष्ट आधीच कबूल करा. हसायचं ते शेवटी हसायचं. मधीच हसलासा तर माझी गाडी रुळावरनं घसरती, आणि ह्या किश्शात माझी जेवढी शोभा झाली तेवढी कोल्हापूरच्या अख्ख्या शाहूपुरीत कुणाची झाली नसंल.

माझा स्वभाव तुम्हाला ठाव हाय. चौकस! नळवाला आला की त्याच्या शेजारी मी उकिडवा बसणार. डॉक्टर इंजेक्शन भरायला लागले की मी विचारणार, ही सुई आतनं पोकळ कशी करतात वो? आमची मंडळी म्हणती, यम न्यायला आला तर तुम्ही त्याला बी विचाराल, रेडा ॲव्हरेज किती देतो.

आता बघा, एवढं सगळं विचारणारा माणूस. आणि एक शब्द, फक्त एकच शब्द विचारायचा राहिला. त्या एका शब्दापायी माझ्या पोराचं ठरत आलेलं लगीन मोडायला आलतं.

झालं असं, की लेकीचं बाळंतपण पुण्यात. म्हणून आमची मंडळी, म्हंजे सुमन, तिकडं गेलती. घरात मी एकटा. मला चहाशिवाय दुसरं काय करता येत न्हाय, आणि तो चहा बी मी सोडून कोण पीत न्हाय. म्हणून सुमननं तिच्या आईला बिद्रीकडच्या गावाकडनं बोलावून घेतलं. आमच्यात सासूला आत्ती म्हणतात.

आत्तींचा एक नेम हाय. जावयाशी तोंड वर करून बोलायचं न्हाय. माझं डोसकं पिकलं, चष्मा लागला, दोन दाढा गेल्या, तरी त्यांच्या लेखी मी अजून पावणाच. काय सांगायचं असलं की फ्रीजकडं बघून सांगणार. "पावणं, ताट वाढलंय." मी बी मग फ्रीजकडं बघूनच "आलो आत्ती" म्हणायचो. असा आमचा संवाद, मधी फ्रीज.

आमच्या स्वयंपाकघराच्या मागं एक लहान खोली हाय. तिला आमच्यात कोठी म्हणतात. वर्षाचं सामान सगळं तिथं. तांदूळ, गहू, शाळू, डाळी, चटणीच्या बरण्या. उन्हाळ्यात भरायचं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत खायचं. हल्ली लोक मोबाईलवर बोट दाबून पावशेर डाळ मागवतात, पण सुमनला ते पटत न्हाय. ती म्हणती, घरात भरलेलं पिंप असलं की झोप चांगली लागती.

त्या कोठीत मला बंदी हाय. का, तर एका वर्षी तांदळाच्या पिंपात आत ऊब किती असती ते बघावं म्हणून मी थर्मामीटर खुपसलाता. तो आत फुटला. पारा तांदळात गेला, तांदूळ उकिरड्यात गेला, आणि मी कोठीच्या बाहेर गेलो तो गेलोच.

पण आता सुमन पुण्यात हुती. मी काय केलं? कोठीच्या उंबऱ्यावर पाट टाकून बसलो. आत पाय टाकला न्हाय, बंदी म्हंजे बंदी. आत आत्ती डबे पुसत हुत्या आणि बाहेरनं माझी तोफ सुरू. हे काय, ते कशाला, असं का?

आत्ती डब्याकडं बघून सांगायच्या. गव्हात कडुलिंबाचा पाला घालायचा, पण उन्हात वाळवलेला न्हाय, सावलीत. तूरडाळीला एरंडेल चोळायचं. चटणीच्या बरणीत हिंगाचा खडा. मी विचारलं, हिंगाचा वास किड्याला सोसत न्हाय का चव? आत्ती बरणीला म्हणाल्या, "पावण्यांस्नी लई प्रश्न पडतात."

पडतात की! पडल्याशिवाय कळणार कसं?

मग एक दिवस सुमनचा फोन आला. उन्हाळा निम्मा सरला, वर्षाचं सामान भरायचं राहिलंय, तेवढं आईला विचारून आणून टाका. आणि विचारल्याशिवाय एक दाणा सुद्धा आणू नका. हे तिनं दोनदा सांगितलं, कारण मी एकदा शेंगदाणे स्वस्त मिळाले म्हणून एवढे आणलेते की आम्ही वर्षभर उपास नसताना उपासाचं खात हुतो.

मी लगेच उंबऱ्यावर जाऊन बसलो.

"आत्ती, तांदूळ?"

"तांदूळ उदंड हाईत."

वा! मनात म्हणलं, बरं झालं. "गहू?"

"गहू बी उदंड झाल्यात."

"तूरडाळ?"

"ती तर कवाच वाढली."

आता मी सावध बसलो. डाळ वाढली? डाळ कशी वाढंल? शिजवल्यावर फुगती हे मला ठाव हाय, पण कोरडी डाळ डब्यात बसून वाढती? मी विचारलं, हरभऱ्याची? तर म्हणाल्या ती बी वाढली. मी विचारलं, कशानं वाढली? आत्ती डब्याला म्हणाल्या, "कशानं म्हंजे? घरात माणसं हाईत, वाढायचीच की."

माणसांच्या असण्यानं डाळ वाढती! मला रात्री झोप न्हाय. एरंडेल चोळल्यानं दाणा फुगत असंल का? का हवेतलं पाणी ओढत असंल? घरात माणसं असली की श्वासाचा दमटपणा येतो, तो डाळ पीत असंल? असं असंल तर ही गोष्ट सरकारला कशी ठाव न्हाय?

राहिला गूळ आणि मीठ. गूळ विचारला तर आत्ती म्हणाल्या, "गूळ हाय." मीठ विचारलं, तर म्हणाल्या, "हाय की."

आता तुम्हीच सांगा. एका बाजूला तांदूळ उदंड, गहू उदंड, डाळी तर वाढायला लागलेल्या. आणि गूळ नुसता 'हाय'. मीठ नुसतं 'हाय'. म्हंजे कमी काय पडलं? मीठ आणि गूळ! लहान पोराला बी कळंल.

मी दुसऱ्या दिवशी टेंपोत घालून मिठाचं पोतं आणि गुळाच्या ढेपा घेऊन आलो. कोल्हापूरचा गूळ, पिवळाधमक, गल्लीभर वास. आत्तींनी पोत्याला हळद-कुंकू लावलं. मीठ-गूळ आधी आणला हे शकुनाचंच, असं फ्रीजला म्हणाल्या. आणि मग हळूच, "बाकीचं?"

मी छाती पुढं काढून म्हणलं, "बाकीची काळजीच सोडा आत्ती. बाकीचं सगळं झालंय."

त्यांनी मान हलवली आणि निवांत झाल्या. मी बी निवांत झालो. दोघं बी निवांत. घरात पिंपं कोरडी, आणि दोन शहाणी माणसं निवांत!

आता शाहूपुरीत माझं पंपाच्या स्पेअर पार्टचं दुकान हाय, आणि शेजारी दिनकरचं बेअरिंगचं. दिनकर माझा शाळेपासूनचा दोस्त. चहाला बसलो तवा मी त्याला वाढत्या डाळीचं सांगितलं. तो आधी हसला. मग म्हणाला, आमच्या डाळीला पोरकिडे होऊन ती कमी होती, आणि तुझ्यात वाढती? मी म्हणलं, सासूचा हात हाय बाबा. शास्त्र हाय त्यात, फक्त अजून मला पुरतं उमगलं न्हाय.

दिनकरनं काय करावं? संध्याकाळी दुकान वाढवून मी घरी आलो, तर हा माझ्या आधी येऊन बसलेला. मांडीवर हरभरा डाळीनं भरलेला भला मोठा डबा. आत्ती बाहेर आल्या तसा डबा पुढं केला आणि म्हणाला, "आत्ती, तेवढी आमची डाळ बी वाढवा."

आत्तींनी डब्याकडं बघितलं, दिनकरकडं बघितलं.

"समदी?" त्यांनी विचारलं.

"समदी," दिनकर म्हणाला. "अर्धवट कशाला?"

"बरं," म्हणाल्या आणि डबा आत घेऊन गेल्या. माझ्याशी म्हणून त्या उलगडून बोलत न्हायत, पण दिनकर गेल्यावर फ्रीजला म्हणाल्या, पावण्यांचा दोस्त लई मोठ्या मनाचा हाय. मला त्यातलं मोठं मन कळलं न्हाय, पण म्हणलं असंल.

आता खरी गोष्ट सुरू होती. तोवर तुमचा चहा संपला असंल तर दुसरा सांगा.

आमचा अभिजित. तिशी ओलांडली. चाकणला कंपनीत हाय, पगार हाय, व्यसन न्हाय, आणि तरी बी लगीन ठरंना. एका ठिकाणी गाडी ठेवायला जागा न्हाय म्हणून मोडलं. एकीकडं पोराचं केस विरळ. पोरगं बोलायचं बंद झालतं. सुट्टीला आलं की गच्चीवर जाऊन बसायचं. त्याचं तसलं तोंड बघून मला घास गोड लागायचा न्हाय, खोटं कशाला सांगू.

आणि अशात चंदगडकडचं एक स्थळ आलं. पोरगी शिक्षिका. दोघं बोलले, दोघांस्नी पटलं. पोराच्या तोंडावर कधी न्हवं ते हसू आलं. बापाचा बी होकार. फक्त एक राहिलंतं. पोरीची अज्जी. त्या घरात अज्जीचा शब्द शेवटचा, आणि अज्जी म्हणाली, मी घर बघितल्याशिवाय हो म्हणत न्हाय.

सुमन म्हणाली मी आल्यावर बोलवा. पण पोरीच्या काकाची फौजेतली सुट्टी संपत आलती, त्यामुळं ते म्हणाले ह्या रविवारीच येतो, नुसतं चहा घेऊन जातो. सुमननं फोनवर मला बजावलं, पोहे करा, चहा करा, कमी बोला. हे 'कमी बोला' तिनं जरा जास्त जोरात सांगितलं.

रविवारी चंदगडची जीप दारात उभी ऱ्हायली. पोरीचे आईवडील, काका, आणि अज्जी. अज्जी बारीक अंगाची, कमरेला पानाची चंची, आणि डोळे असे की एका नजरेत घराच्या भिंतीचा गिलावा किती जुना ते सांगतील. अभिजित इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यात. पोहे झाले, चहा झाला. आत्ती आतल्या दारात पदर सावरून उभ्या.

सगळं झकास चाललंतं वो. लोक उठायला लागले. काका घड्याळ बघायला लागला. मी नुसते हात जोडले असते तरी काम झालं असतं.

पण मी म्हणलं, "छे छे. जेवल्याशिवाय जायचं न्हाय."

ते नको म्हणाले. मी ऐकतोय होय? पोरीच्या वडिलांस्नी म्हणलं, आवो, आमच्यात काय कमी हाय? तांदूळ तर एवढा हाय, की वरीस सरतं पण तांदूळ सरत न्हाय. कुणापुढं बोललो? चंदगडच्या माणसांपुढं. ज्यांच्या दारात भाताची मळणी पडती, त्यांच्यापुढं मी तांदळाचा तोरा मिरवला!

आतनं भांडं पडल्याचा आवाज आला. मग आत्तींचा आवाज, नेहमीपेक्षा बारीक. "पावणं, जरा हिकडं येताय का?"

मला वाटलं, माणसांपुढं लाजतायत. मी बसल्या जागेवरनं म्हणलं, "आत्ती, सगळी आपलीच माणसं हाईत. पुरण घाला, भात टाका."

"पावणं, तांदूळ उदंड हाईत."

मी पावण्यांकडं बघून मान डोलावली. "ऐकलंसा? उदंड हाईत."

"गहू बी उदंड हाईत." आत्तींचा आवाज जरा चढला.

"झालं! पोळ्यांची काळजी मिटली."

"आणि पावणं, तूरडाळ वाढलीया." आता तर आवाज रडवेला झालता.

"बघा की!" मी मांडीवर थाप मारली. "आमच्यात डाळ बी आपसूक वाढती. कशी वाढती ते मी अजून शोधतोय, पण वाढती हे नक्की."

पोरीचे वडील माझ्याकडं जरा आदरानंच बघायला लागले. अज्जीनं मात्र पदर तोंडात धरला. खांदे हलायला लागले. मला वाटलं पोह्यातली मिरची लागली. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तर तो तिनं बाजूला सारला.

"पावणं," ती म्हणाली, "तुमच्या उदंडाचं एवढं कौतुक हाय, तर दाखवा की जरा आम्हांस्नी."

मला तेच पायजे हुतं! बंदी गेली खड्ड्यात. मी पुढं, अज्जी मागं, तिच्या मागं पोरीची आई, आणि सगळ्यात मागं आत्ती, त्या बिचाऱ्या नुसत्या "पावणं, पावणं" म्हणत हुत्या. कोठीचं दार उघडलं. तांदळाच्या पिंपाचं झाकण ढमकन बाजूला केलं आणि माणूस बरणीतनं बोरं काढतो तसा हात आत घातला.

हात आत गेला. कोपर आत गेलं. खांदा आत गेला. बोटाला तळ लागला.

तळाला कडुलिंबाची चार पानं आणि मापटं, एवढंच. मी गव्हाचं पिंप उघडलं. त्यात तर मापटं सुद्धा न्हवतं. तूरडाळीचा डबा उचलला, तो इतका हलका की झटक्यानं माझ्याच कपाळाला लागला. कोपऱ्यात मात्र हळद-कुंकू लावलेलं मिठाचं पोतं आणि गुळाच्या ढेपांचा डोंगर.

आता ह्या घडीला शहाणा माणूस काय म्हणाला असता? मी काय म्हणलं ठाव हाय?

"आत्ती, चोरी झाली!"

मी खिशातला फोन काढला. म्हणलं, कुणी हात लावू नका, ठसे असतील, पोलिसांस्नी बोलवतो. धान्य नेणारी टोळी आली असंल. कुलूप न तोडता कशी आली असंल, हा विचार बी त्यातच डोक्यात सुरू झाला.

"अय्यो," म्हणून अज्जी गुळाच्या ढेपेवर बसली. डोळ्यांतनं पाणी, आणि हसणं थांबंना. पोरीच्या आईनं तोंड भिंतीकडं केलं. आत्तींनी पदरानं तोंड झाकलं, पण त्या हसत न्हवत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी हुतं. लेकीचं घर, नातवाची सोयरीक, आणि पावण्यांपुढं रिकामी पिंपं.

मी दाराकडं बघितलं. अभिजित उभा हुता. त्याचं ते दोन महिन्यांचं हसू पार उतरलेलं. माझा फोन धरलेला हात तसाच खाली आला. काय झालं ते मला अजून कळलं न्हवतं, पण माझ्यामुळं झालं एवढं कळलं. लाज वाटली मला, खरं सांगतो.

अज्जीनं डोळे पुसले. "पावणं, तुमचं दुकान हाय न्हवं?"

"हाय."

"रात्री त्याचं काय करता?"

"काय करणार? वाढवतो आणि घरी येतो."

"वाढवता म्हंजे? भिंती पाडून मोठं करता?"

"न्हाय वो. बंद करतो. पण दुकान बंद केलं असं म्हणू नये, म्हणून..."

आणि मी रिकाम्या पिंपाकडं बघितलं.

अज्जी म्हणाली, "हां. तसंच की. धान्य संपलं असं म्हणू नये. लक्ष्मी ऐकती. संपलं की उदंड झालं म्हणायचं, न्हायतर वाढलं म्हणायचं. ही तुमची सासू मघापासनं घसा कोरडा करून सांगाय लागलीया, की घरात दाणा न्हाय. आणि तुम्ही मांड्या थोपटाय लागलाय."

आयला! आवो, रोज रात्री शटर ओढताना मी बी तोच शब्द बोलतो. बायकांची बांगडी फुटत न्हाय, वाढती. आमच्या घरात मात्र आई रोखठोक, ती म्हणायची तांदूळ संपलं, ऊठ, आण. सुमन बी तशीच, सरळ मेसेज टाकती. त्यामुळं धान्याला बी हा मान असतो हे माझ्या गावीच न्हवतं. एवढे दिवस आम्ही जेवलो ते स्वयंपाकघरातल्या रोजच्या लहान डब्यांतलं, दोघांपुरतं. आणि आत्ती वाट बघत बसलेल्या, की जावई उदंडाचं आज आणतील, उद्या आणतील. जावई डाळीवर संशोधन करतोय हे त्या माउलीला काय ठाव?

मी तिथंच आत्तींपुढं हात जोडले. म्हणलं, चुकलं माझं. आणि पोरीच्या वडिलांस्नी म्हणलं, माझ्या खुळेपणाचा राग माझ्यावर काढा, पोरावर काढू नका. वडील अज्जीकडं बघायला लागले.

अज्जीनं चंची सोडली, पान लावलं, ते गालात ठेवलं, आणि पदर खोचला. "आधी जेवायचं बघूया. पावण्यानं जेवायला बोलवलंय न्हवं?"

जीपमध्ये तांदळाचं एक पोतं हुतं, कोल्हापुरातल्या त्यांच्या कुणा पावण्याकडं द्यायला आणलेलं. तिनं ते उतरवायला लावलं. डाळीचं काय? आत्ती हळूच म्हणाल्या, हरभऱ्याची हाय, पावण्यांच्या दोस्तानं दिलीया. पोळीला कणीक पायजे, ती अभिजितनं गल्लीतल्या गिरणीतनं पळत जाऊन आणली. गूळ फोडायला मला बसवलं.

म्हंजे बघा, भात त्यांच्या तांदळाचा, पुरण दिनकरच्या डाळीचं, पोळी गिरणीच्या कणकेची. आणि आमच्या घरचं काय? मीठ आणि गूळ! अज्जी जेवताना दर घासाला म्हणायची, मीठ लई झ्याक हाय हं पावणं. वर्षभर पुरंल.

दोघी म्हाताऱ्या आत पोळ्या करताना काय बोलल्या, ते मी दाराला कान लावून ऐकायचा प्रयत्न केला. चौकस ना मी! गूळ फोडायचा आवाज थांबला की आतनं अज्जी म्हणायची, पावणं, गूळ सरला का? मग मी परत बत्ता हाणायचो.

जेवणं झाली. हात धुवून अज्जी बाहेरच्या खोलीत बसली. अभिजित भिंतीला टेकून उभा. अज्जी तिच्या लेकाला म्हणाली, "ज्या घरातली म्हातारी रिकाम्या पिंपापुढं उभी ऱ्हाऊन बी 'संपलं' म्हणत न्हाय, त्या घरात माझी नात उपाशी ऱ्हायची न्हाय. फोडा सुपारी."

अभिजितनं जे केलं ते मी जन्मात विसरणार न्हाय. तो सरळ आत्तींच्या पायावर गेला. माझ्याकडं बघितलं सुद्धा न्हाय, आणि ते बरोबरच हुतं. मी ओले हात पँटीला पुसले आणि नाक ओढत उभा ऱ्हायलो.

तेवढ्यात दारात कोण? दिनकर. पुरणाचा वास घेत आत आला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, "आत्ती, आमची डाळ वाढली का?"

"वाढली की," आत्ती म्हणाल्या. "समदी वाढली. तुमच्या डाळीनं आमची लाज राखली बघा."

दिनकरनं खुशीत डबा उचलला, झाकण काढलं, आणि आत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग परत आत बघितलं. त्याला पाटावर बसवून पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली. तिसऱ्या पोळीला तो जरा शांत झाला.

सुपारी फुटल्यावर सुमनला फोन लावला, स्पीकरवर. अज्जीनंच सगळं सांगितलं, मिठापासनं चोरीपर्यंत, काय बी गाळलं न्हाय. पलीकडं सुमन आधी हसली, मग रडली, पोराचं ठरलं म्हणून. मग तिला माझी आठवण झाली. सगळ्यांस्नी ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिनं विचारलं, "आई, त्या टायमाला ह्यांची अक्कल संपली हुती का गं?"

आत्तींनी पदराला हात पुसले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, फ्रीजकडं न बघता, त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं.

"असं बोलू नये, सुमन," त्या म्हणाल्या. "जावई हाईत ते. त्यांची अक्कल उदंड हाय."